चारीवर कोण उभं राहणार?

अक्का,

तुमचा शेवटचा प्रश्न माझ्याजवळ तसाच आहे. जळगावच्या दवाखान्यात तुम्ही ऑक्सिजनचा मास्क तोंडावरून सारलात, मी तो परत बसवला, तुम्ही परत सारलात आणि विचारलंत, "मंगळवारी चारीवर कोण जाईल?"

मी म्हटलं, "आधी तुम्ही बऱ्या व्हा. मग बघू."

"बघू म्हणजे नाही," तुम्ही म्हणालात. "फौजेत 'बघू' नसतं, मास्तरीणबाई."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात भेटीची वेळ संपली आणि सिस्टरने मला बाहेर काढलं. ती पाचोऱ्याची पोरगी. तिने घातलेल्या चादरीचे कोपरे तुम्ही पडल्या पडल्या उलगडून पुन्हा घालायला लावत होतात, तरी तुमच्या पलंगाशी सगळ्यात जास्त वेळ तीच रेंगाळायची. मंगळवार उजाडायच्या आत तुम्ही गेलात. वाद अर्धवट टाकून उठून जायची सवय तुम्हाला कधीच नव्हती. हे एकदाच केलंत, आणि तेही माझी बोलायची पाळी असताना.

चारी म्हणजे आमच्या गावाबाहेरून जाणारा पाटाच्या पाण्याचा छोटा कालवा. त्याच्या कडेने केळीच्या बागांमधून एक कच्चा रस्ता जातो. तिथे आठवड्यातून तीन दिवस पहाटे पोरी पळायच्या आणि तुम्ही उभ्या असायच्या. कुणाला पोलिसात जायचं, कुणाला सैन्यात, कुणाला घरातून तासभर बाहेर पडायला मिळतं एवढंच पुरे. आमच्याकडे पहाटेच्या अंधारात पोरीला एकटी कोण सोडतो? पण "अक्का हायेत ना तिथं" एवढं म्हटलं की घरोघरच्या कड्या उघडायच्या. मोटारसायकली उडवत येणारी टोळकी तुम्हाला लांबून पाहून गाडी वळवायची.

तुम्ही गेल्यावर चारीवरचं पळणं बंद पडलं. रोशनीच्या पोलीस भरतीची मैदानी परीक्षा तोंडावर आली आहे. तिचे वडील दिलीपभाऊ केळीचे ट्रक भरतात. ते मला म्हणाले, "अक्का होत्या तोवर ठीक होतं, मॅडम. आता कोनाच्या भरवशावर धाडू?" रोशनी त्यांच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. तुमचाच प्रश्न होता तो, फक्त तिने तोंडाने विचारला नाही.

याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. त्याआधी जरा तुमच्याशी बोलते. आता मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणायला तुम्ही नाही, ही संधी मी सोडणार नाही.

तुम्ही आमच्या गावात राहायला आलात तेव्हा मी दहावीत होते. तुमचं मूळ गाव तिकडे धुळे जिल्ह्यात, नरडाण्याजवळ. तुमची धाकटी बहीण आमच्या गावात दिलेली, म्हणून लष्करी परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तुम्ही बुद्धविहाराजवळ घर बांधलंत. दारावर पाटी लावलीत, तुमचं आडनाव आणि आधी 'मेजर'. त्या पाटीने गावाचा जो गोंधळ केला, त्याला तोड नाही. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने हाक मारली, "मेजर साहेब हायेत का?"

"बोला," तुम्ही म्हणालात.

"नाही, साहेबांची सही लागन."

"थांबा." तुम्ही आत गेलात, खुंटीवरची लष्करी टोपी डोक्यावर चढवलीत, बाहेर आलात आणि कमरेवर हात ठेवून म्हणालात, "हं. कुठे करायची सही?"

त्याने सिलिंडर पायावर पाडायचं तेवढं राहिलं. मी तेव्हा तुमच्या ओट्यावर भूमितीची प्रमेयं पाठ करत बसले होते. त्यानंतर प्रमेय कुठलं डोक्यात शिरणार!

आणि ती समोरच्या गल्लीतली म्हातारी आजी. तिने एकदा तुमचा हात हातात घेऊन अगदी मायेने, हळू आवाजात विचारलं, "बाई, मेजर साहेब कधी वारले व?" तुम्हीही तितक्याच हळू सांगितलंत, "आजी, अजून जित्ता शेत." तुमच्या अहिराणीतलं ते 'शेत', म्हणजे 'आहेत', ऐकून आजी म्हणाली, "मंग शेतातून घरी येत काऊन नाही?" तुम्ही आत येऊन भिंतीला टेकून हसलात, इतक्या हसलात की मी पाणी आणून दिलं. त्यानंतर दिसाल तिथे आजी विचारायची, "आले का व मेजर साहेब शेतातून?" आणि तुम्ही पुन्हा हसायच्या. परवा तीच आजी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला काठी टेकत आली. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मले कळलं होतं नंतर. पन तिले हसू येत होतं, म्हनून मी तशीच इचारत राह्यले." अक्का, हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. आजीने तुम्हाला चांगलंच फसवलं.

निवृत्त हवालदार नाना आणि तुमचं भांडण तर गावाची करमणूक होती. चहाच्या टपरीवर चारचौघांत नानांनी विचारलं होतं, "अक्का, खरं सांगा. नोकरीत एक तरी गोळी झाडली का?"

"नाही नाना," तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात. "तुमच्यासारख्यांना लागलेल्या काढायला मदत केली."

टपरी हसून लोळली. नाना बरेच दिवस तुमच्या गल्लीतून गेले नाहीत. मग एके दिवशी छातीत धडधडतंय म्हणून थेट तुमच्याच दारात आले. तुम्ही नाडी पाहिलीत, दोन प्रश्न विचारलेत आणि आपल्या भाच्याच्या गाडीत घालून त्यांना जळगावला पाठवलंत. परत आल्यावरही ते तुम्हाला 'अक्का'च म्हणत राहिले. पलटणीत असते तर 'मॅडम' म्हणून टाच जुळवावी लागली असती. तुम्ही त्यांना तसं चिडवायच्या, आणि ते म्हणायचे, "ती पलटन होती. हे गाव हाये."

युद्धाच्या गोष्टी सांगा म्हणून आम्ही पोरी तुमच्या मागे लागायचो. तुम्ही एकही सांगितली नाहीत. सांगितल्यात त्या सगळ्या हसण्यासारख्या. बर्फाच्या मुलखात खोबरेल तेल इतकं गोठायचं की चमच्याने खरवडून केसांना लावायचं. आणि तो आपल्याकडचा जवान. शस्त्रक्रियेनंतर भुलीतून बाहेर येताना तो काहीतरी पुटपुटत होता. डॉक्टर दक्षिणेकडचे, कंपाउंडर पंजाबचा. दोघांना एक शब्द कळेना. डोक्याला मार लागला, वाचा गेली, म्हणून धावपळ सुरू झाली. तुम्ही कान त्याच्या तोंडाशी नेलात. तो म्हणत होता, "माय, च्या दे ना व. साखर जास्ती टाकजो." तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "सर, पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे. चहा मागतोय." हे सांगताना तुम्ही दर वेळी हसायच्या आणि दर वेळी शेवटी उठून चहाचं आधण ठेवायला जायच्या. तो पुढे वाचला का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, हे आजही कळत नाही.

माझं शिक्षण हा तर तुमच्या-माझ्यातला सगळ्यात मोठा विषय. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीचा उंबरा ओलांडला नव्हता. बाबा केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम, आई घड वाहणारी. बारावीचा निकाल लागला तेव्हा बाबा म्हणाले, "झालं. लई झालं." आईने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे तिला पटलेलं नव्हतं. मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही चपला घातल्यात आणि माझ्या पुढे चालू लागलात.

बाबा अंगणात विळ्याला धार लावत होते. तुम्ही बसला नाहीत. उभ्या राहूनच म्हणालात, "भाऊ, एक सांगा. तुम्ही कच्चा घड कापता का?"

"हो," बाबा म्हणाले.

हे उत्तर तुमच्या हिशेबात नव्हतं. "म्हणजे?"

"केयी कच्चीच कापता, अक्का. पिकलेली कापली तं ट्रकमंधी खराब होते. दिल्लीपर्यंत टिकली पाहिजे ना."

मी दाराआडून ऐकत होते आणि मला वाटलं, संपलं. तुमच्या नरडाण्याकडे बाजरी, कापूस. केळीचं तुम्हाला काय ठाऊक? केवढी तयारी करून आलेला तुमचा दाखला बाबांनी एका वाक्यात झोपवला. बाबांना स्वतःलाच हसू फुटलं. तुम्हालाही. आणि मग हसता हसताच तुम्ही म्हणालात, "बरं, कच्चीच कापा. पण मग ट्रकमध्ये तरी घाला. घरात ठेवून काय करता? जाऊ द्या तिला, जिथे जाईल तिथे पिकेल."

बाबांचा विळ्यावरचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी आईला सांगितलं, "फैजपूरच्या कॉलेजात नाव घालायचं, तं बसचा पास काढा लागन." आमच्या घरात आजही कुणी परगावी निघालं की बाबा म्हणतात, "घाला ट्रकमंधी."

एवढं सगळं केलंत, पण त्यामागे तुमचा डाव होता हे मला लवकरच कळलं. तुम्हाला मला फौजेत पाठवायचं होतं. लष्करी परिचारिका करायची होती. त्यासाठी आधी माझी तब्येत. पहिल्या दिवशी तुम्ही मला चारीवर पळवलंत आणि मी पहिल्याच वळणावर कुणाच्या तरी बागेत उलटी केली. "पय व माय, पय! काही व्हत नही!" तुमची अहिराणी मागून येत होती आणि मी केळीच्या खोडाला मिठी मारून उभी होते. दुसऱ्या दिवशी पाय मुरगळला. तिसऱ्या दिवशी मी सरळ सांगितलं, "अक्का, मी नाही पळणार."

"मग काय करशील?"

"बसेन. वाचेन."

तुम्ही बागेकडेला पडलेले दोन बांबू उचललेत. मग म्हणालात, "ठीक. तू जखमी."

केळीच्या झाडांना टेकू द्यायचे दोन बांबू आणि त्यात अडकवलेली पोती, हे आमचं स्ट्रेचर. पोरींना जखमी माणूस उचलायला शिकवायचं तर जखमी हवा ना! ती माझी कायमची नेमणूक झाली. रविवारी सकाळी मी स्ट्रेचरवर उताणी, हातात बी. ए.च्या इतिहासाच्या नोट्स, आणि चार पोरी मला चारीवरून नेताहेत. बागेतले मजूर हात थांबवून बघायचे. आई घड डोक्यावर घेऊन समोरून यायची आणि ओरडायची, "अवं, मी वझं वाहू राह्यली अन् तू वझं होऊन चालली!" त्या स्ट्रेचरवर मी अख्खा पदवीचा अभ्यास केला. विद्यापीठाने माझ्या प्रमाणपत्रावर हे लिहायला हवं होतं.

चादरीचे कोपरे दुमडायला तुम्ही आम्हाला शिकवलंत, तेही आठवतं. आमच्या घरी पलंग नाही, जमिनीवर गोधडी. मी गोधडीचे कोपरे नीट आत दुमडून ठेवले, तर रात्री बाबांचे पाय त्यात अडकले आणि ते म्हणाले, "ही पोरगी मले पार्सल करते का काय?"

बी. एड. झालं, माध्यमिक शाळेत नोकरी लागली. पेढे घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही पेढा खाल्लात, मला जवळ घेतलंत, आणि म्हणालात, "चांगलं झालं. पण तू फौजेत जायला हवी होतीस." इतकी वर्षं झाली, दर भेटीत हे वाक्य एकदा तरी यायचंच. मी म्हणायचे, "मला शिकवायला आवडतं." तुम्ही म्हणायच्या, "फौजेतही शिकवतात." मी म्हणायचे, "मला तुमच्यासारखं व्हायचं नाही, अक्का." हे मी खरंच म्हटलं होतं, जरा तोडूनच. तुम्हाला राग आला नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्यासारखं कशाला? मी एक आहे ना."

अलीकडे या भांडणाला नवं वळण लागलं होतं. तुमचे गुडघे दुखू लागले होते. तुम्ही म्हणायच्या, "आता चारी तू सांभाळ."

"मला पळता येत नाही."

"तुला पळायला कोण सांगतंय? उभी राहा."

"मी उभी राहून काय होणार? ती मोटारसायकलवाली पोरं माझ्याकडे बघून थांबणार आहेत? तुमच्या नावाआधी मेजर आहे."

"तुझ्या नावामागे काय आहे?"

"बी. ए., बी. एड."

"मग?"

"त्याने गाडी थांबत नाही, अक्का."

तुम्ही "हं" म्हणालात. तुमच्या 'हं'चे अनेक प्रकार होते. हा त्यातला 'तुला अक्कल येईल तेव्हा बोलू' असा होता.

मग तुम्ही पडलात. तो रविवार. बागेतल्या ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि तुम्ही आडव्या झालात. मी पोथीसारखी वही मांडीवर घेऊन चारीच्या कडेला बसले होते. तुमचा आवाज आला नाही, म्हणून मला भीती वाटली. जवळ गेले तर तुम्ही शांतपणे सांगत होतात, "खुब्याचं हाड आहे. कुणी ओढू नका. स्ट्रेचर आणा." पोरींचे चेहरे पांढरे पडले होते. पण त्यांनी तुम्हाला उचललं, अगदी तुम्ही शिकवलं तसं, एका हाकेसरशी, पातळी न ढळू देता. आणि घाबरून चालू लागल्या त्या संचलनासारख्या, डावा-उजवा, डावा-उजवा. स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलू लागलं. तुम्ही वेदनेने ओठ चावत होतात, तरी ओरडलात, "पाय जुळवू नका गं! परेड नाही ही! स्ट्रेचर उचललं की पाय मोडून, एकीचा पाय दुसरीशी न जुळवता चालायचं, किती वेळा सांगितलं?" रोशनी रडत रडत म्हणाली, "सॉरी, अक्का." "सॉरी नको, पाय मोड!" रस्त्यापर्यंत तुम्ही त्यांची चूक काढत गेलात. गाडीत घालताना मात्र रोशनीच्या गालावर हात ठेवून म्हणालात, "पास." त्या दिवशी पहिल्यांदा जखमीची जागा माझ्याकडून गेली होती, आणि मला ती परत हवी होती. फार हवी होती.

खुब्याची शस्त्रक्रिया झाली, मग छातीत कफ साठला, मग तो प्रश्न, आणि मग ते सगळं.

तुमच्या अंत्ययात्रेला नाना आले होते. इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकं. ती त्यांनी किती वर्षांनी काढली असतील! वंदना संपली आणि ते पुढे आले. टाच जुळवली आणि कडक सलाम ठोकला. म्हणाले, "मॅडम." एवढंच. आमच्या गावात, पलटणीत नव्हे. मला एकदम वाटलं की तुम्ही उठून त्यांची फिरकी घ्याल. तुम्ही घेतली नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही गेला आहात.

आईला ते अजून कळलेलं नाही. तुम्हाला भाकरी जमत नव्हती. मेसच्या आम्लेटात पारंगत बाई, पण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी तव्यावर टाकली की तिचे तुकडे. म्हणून आई भाकरी धाडायची आणि तुम्ही तिचं बी. पी. बघायच्या. परवा तिने दुपारी नेहमीसारख्या जास्तीच्या भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि मग तशीच बसून राहिली. म्हणाली, "आता माह्यं बी. पी. कोन पाहीन?" मी म्हटलं, "दवाखान्यात बघतात." ती म्हणाली, "तिथं कोनी रागावत नाही."

तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. एकदा प्रयत्न केला होता, पदवीच्या निकालाच्या दिवशी. तुम्ही म्हणालात, "आभार प्रमुख पाहुण्यांचे मानतात. मी पाहुणी आहे का?" तेव्हा ते राहूनच गेले. आजही मानत नाही. फक्त सांगते, की वर्गात एखादी मुलगी उत्तर येत असून हात वर करत नसेल, तर मी तिच्या बाकाशी जाऊन उभी राहते. हे कुठून आलं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता उत्तर.

काल मंगळवार होता. पहाटे मी दिलीपभाऊंच्या दारात गेले. ते दात घासत बाहेर आले. माझ्या अंगावर साडी, पायात सँडल.

"मॅडम, तुम्ही?"

"रोशनीला पाठवा. मी चारीवर जाते आहे."

"तुम्ही तं पयत नाही."

"पळणार ती. मी उभी राहीन."

"राग नका मानू मॅडम, पन अक्काची गोष्ट येगळी होती. त्या फौजी. तुम्ही मास्तरीन. ते टवाळखोर आले तं काय करसान? फळा पुसायचं डस्टर फेकसान का?"

रोशनी आतून बूट बांधूनच आली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावर पोतं टाकून म्हणाले, "मले बी तिकडंच काम हाये बागंत." बागेत त्यांचं काहीच काम नव्हतं, अक्का. ट्रक दुपारी भरायचा होता.

रोशनीने वाटेत आणखी दोन दारं वाजवली. तिघी पळू लागल्या. मी रस्त्यात उभी राहिले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. उजाडत होतं, पाटाच्या पाण्यावरून गार वारा येत होता, आणि लांबून मोटारसायकलचा आवाज आला. मोबाइलवर गाणं मोठ्याने लावलेलं, गाडी नागमोडी. पोरी वळणावर होत्या. मी रस्त्याच्या मधोमध सरकले.

गाडी पुढ्यात येऊन थांबली. दोन पोरं. पुढच्याने मान वर केली आणि त्याचा चेहराच उतरला.

"म्... मॅडम? गुड मॉर्निंग."

नववी ब. तिसरा बाक, खिडकीशेजारी.

माझी भीती कुठे गेली कोण जाणे. मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. "लायसन्स आहे?"

"नाही मॅडम."

"नकाशावही पूर्ण झाली?"

"करू राह्यलो."

"गाणं बंद कर. गाडी बंद कर. पोरी पळताहेत, तोवर ढकलत न्यायची. आणि उद्या वडिलांना शाळेत घेऊन ये."

दोघांनी गाडी ढकलत नेली, डोकं खाली घालून. समोरून रोशनी आणि दोघी पळत आल्या, त्यांच्या बाजूने गेल्या आणि पुढे जाऊन फिदीफिदी हसल्या. केळीच्या खोडाआड दिलीपभाऊ उभे होते, रिकामं पोतं घेऊन. ते बाहेर आले. म्हणाले, "मॅडम, गुरुवारी मी येत नाही. तुम्ही पुऱ्या." थोडं पुढे जाऊन परत वळले. "तो पोरगा माह्या साडूचा हाये. त्याच्या बापाले सांगू नका, मीच सांगतो." आणि ज्या पद्धतीने त्यांनी ते सांगितलं, त्यावरून मला त्या पोराची दया आली.

तेव्हा अक्का, बी. ए., बी. एड.ने गाडी थांबते. तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं, म्हणूनच तो तुमचा 'हं'. मला दवाखान्यातच सांगून टाकायचं होतंत. पण सांगितलं असतंत, तर मी मान्य केलं नसतं, हेही खरं. फौजेत जायला हवं होतं की नाही, या वादात मात्र मी अजून मागे हटलेली नाही. ते आपण तसंच चालू ठेवू.

पळणं संपवून पोरी बांधावर बसल्या, दम घेत. उजाडलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या बागेतून एक पोरगी आली. सातपुड्याच्या पायथ्याकडचं कुटुंब, केळी कापायला आलेलं. तिला तुम्ही पाहिलेलं नाही. पायात चप्पल नव्हती, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. ती किती वेळ झाडांच्या आत उभी राहून बघत होती, कोण जाणे. ती रोशनीकडे गेली नाही. सरळ माझ्यासमोर आली, पण नजर माझ्या सँडलवर ठेवून उभी राहिली.

"इथं पयाले यायचं असन," तिने विचारलं, "तं नाव कोनाकडं सांगायचं?"

मी म्हटलं, "माझ्याकडे."